शेजार-वजावट

आमच्या गल्लीत वाटी रिकामी परत करायची नाही, हा नियम कुणी केला ते मला विचारू नका. मी जॉबर माणूस. माग बिघडला की दुरुस्त करायचा, एवढंच मला कळतं. पण नियम होता, आणि कडक होता. शेजारणीनं आमटीची वाटी पाठवली तर ती धुऊन परत जाताना तिच्यात काहीतरी पाहिजेच. दही, शेंगदाण्याची चटणी, दोन भजी. घरात खडखडाट असला तर चिमूटभर साखर, नाहीतर कढीपत्त्याची पानं. रिकामी वाटी फक्त सुतकातल्या घरातनं जायची.

गौराक्काची आणि आमची भिंत एकच. तिची वाटी म्हणजे चांगली तळहाताएवढी, जाड स्टीलची, बुडाला तिच्या नवऱ्याचं नाव कोरलेली. नवरा जाऊन जमाना झाला, मूलबाळ नाही. माझी बायको मालन कांडी मशिनवर कामाला जायची, मागाच्या धोट्यात बसवायच्या कांड्या भरायला. तेव्हा आमच्या ऐश्वर्याला जेवूखाऊ घातलं ते गौराक्कानं. पोरगी आमची, पण भूक लागली की भिंतीपलीकडं पळायची. आणि वाटी न्यायचं-आणायचं काम कुणाचं? माझं. अख्खी गल्ली चिडवायची, "जॉबर, मागावरनं काढून तुम्हाला वाटीवर घातलं की काय!"

पुढं खरंच तसं झालं. माणसाशिवाय चालणारे माग आले. दोरा तुटला की स्वतःच गाठ मारणारे, बिघडायच्या आधीच बिघाड ओळखणारे. मला कुणी कामावरनं काढलं नाही हो, मला बोलवायचंच बंद केलं. इचलकरंजीत कापड पूर्वीपेक्षा जास्त निघत होतं आणि गल्लीतली निम्मी माणसं कट्ट्यावर बसून होती.

अशात एका दुपारी ऐश्वर्या पुण्याहून आली. तिथं ती अर्थशास्त्र शिकली आणि राज्याच्या एका अभ्यासगटात लागली होती. चप्पल काढायच्या आधीच ओरडली, "आई, बाबा, मंजूर झालं! पहिली चाचणी आपल्या गावात!"

काय मंजूर झालं, ते तिनं मालनबरोबर शेंगा फोडत सांगितलं. प्रत्येक मोठ्या माणसाला, गरीब-श्रीमंत न बघता, कामधंदा न विचारता, दर महिन्याला जगण्यापुरती रक्कम. नाव पायाभूत उत्पन्न. गल्लीनं पुढं त्याचं नुसतं 'पाया' केलं.

"आणि पैसा कुठनं आणणार?" मी विचारलं.

"माणसाशिवाय चालणाऱ्या यंत्रांवरच्या करातून."

"पुरतोय?"

"तिथंच तर घोडं अडलं होतं बाबा. पाच रुपये लागत असतील तर चारच जमतात. कर वाढवला तर कारखाने दुसऱ्या राज्यात जातात. नोटा छापल्या तर भाव चढतात आणि पाचाच्या जागी सहा लागतात. कित्येक वर्षं सगळे तज्ज्ञ त्या पाचव्या रुपयाशी येऊन थांबत होते."

मग तिनं यंत्राचं सांगितलं. यांनी संगणकात अख्खी इचलकरंजी उभी केली होती. इथल्या प्रत्येक घरासाठी तिथं एक घर. विजेचा मीटर, पाण्याचा मीटर, पाइपच्या गॅसचा मीटर, रेशन, फोनवरनं दिलेले पैसे, सगळं त्यात जातं. मग त्या संगणकातल्या घरांना पाया देऊन बघायचं, कोण काय खरेदी करतं, कोण काम सोडतं, कोण पोराला पुढं शिकवतं. इथलं एक वर्ष तिथं मिनिटात संपतं. न पटलं तर पुसून पुन्हा पहिल्यापासून.

"आणि गंमत काय झाली," ऐश्वर्या म्हणाली, "आपल्यासारख्या गल्ल्यांत लोक हिशोबापेक्षा कमी पैशांत जगत होते. यंत्राला कळेना, साहेबांना कळेना. मला लगेच कळलं."

"काय गं?"

"वाट्या, आई! एका चुलीवर दोन घरांचं शिजलं की गॅस वाचतो, तेल वाचतं. पोर सांभाळायला शेजारीण असली की तो खर्च वाचतो. जिथं असं देणंघेणं दाट, तिथं माणसाची गरज जवळजवळ पाचव्या हिश्श्यानं कमी. तेवढी वजा केली की तो पाचवा रुपया लागतच नाही. शेजार-वजावट असं नाव दिलंय. तुझ्या न् गौरामावशीच्या वाट्यांनी योजना बसवली बघ!"

मालन अशी लाजली, की पदर तोंडाला लावला. मी मात्र विचारलं, "वजावट म्हणजे कापणार?"

"थोडंसं. ज्यांना शेजारातनं मिळतंयच त्यांचं."

हे ऐकून कुणाच्याच मनात काही आलं नाही. माझ्याही नाही. शेंगा फोडून झाल्या, मालननं वाटीभर दाणे भाजले आणि मी ते गौराक्काकडं पोचवले.

पहिले महिने काय सांगू तुम्हाला! गल्लीचा नूरच पालटला. तिकटीवरच्या पोरांनी वाचनालय पुन्हा उघडलं. दोन घरं पलीकडची बुगडांची सून शिवणाच्या क्लासला जायला लागली. आणि गौराक्का? तिच्या आयुष्यात पहिल्यांदा तिच्या नावावर, तिच्या खात्यात पैसे आले. तिचा भाचा बसगोंडा, गडहिंग्लजला असतो, तो कधीचा मागं लागला होता, "आत्या, एकटी काय करतीस, आमच्यात ये." आत्याच्या मायेनं नव्हे. त्याची बायको दुकानात बसते आणि घरात तीन पोरं, त्यांना बघायला फुकटची बाई पाहिजे होती. आजवर गौराक्का त्याला टाळत होती. पाया आल्यावर मात्र तिनं दारातच सांगितलं, आम्हा सगळ्यांना ऐकू जाईल असं.

"बसू, माझ्या खोलीचं भाडं आता मी भरते. ह्या खोलीत मी लगीन होऊन आले, ह्याच खोलीतनं मला उचला. पोरांना सुट्टीत घेऊन ये, करंज्या करून घालते."

बसगोंडा तोंड पाडून गेला. मालन भिंतीआडनं खुसूखुसू हसत होती.

मग एका महिन्यात गौराक्का फोन घेऊन आली. चष्मा कपाळावर, चेहरा उतरलेला. "जॉबर, बघा तरी. पैसं कमी आल्यात. आणि खाली कायतरी लिवलंय."

लिहिलं होतं, 'आपणास शेजारातून नियमित मिळणारे साहाय्य विचारात घेऊन रक्कम सुधारित करण्यात आली आहे.' सुधारित म्हणे! भाडं आणि औषध यांतलं एकच भागेल इतकी सुधारली होती.

मी ऐश्वर्याला फोन लावला आणि आवाज मोठा ठेवला, म्हणजे मालनला आणि गौराक्काला ऐकू जाईल.

"बाबा, मावशीच्या घरचा गॅस जळतच नाही. आणि ती रोज जेवते. म्हणजे कुणीतरी घालतंय."

"आम्ही घालतोय की! गुडघे धरल्यात तिचे, मालन दोन भाकरी जास्त थापती. गुन्हा हाय व्हय?"

"गुन्हा नाही हो. फक्त गरज कमी आहे, असं यंत्र धरतं."

"आणि तिनं आमच्यासाठी केलेलं? तू काय हवेवर वाढलीस?"

 ती हळू म्हणाली, "ते जुनं आहे बाबा. यंत्र गेल्या तीन महिन्यांची सरासरी बघतं."

मालननं फोन माझ्या हातातनं घेतला. "ऐशू, तोड सांग. आक्काला खोली सोडायला लागंल."

तोड एकच होती. दोन्ही घरांचं देणंघेणं थांबलंय असं मीटरवर दिसलं पाहिजे. गौराक्काचा गॅस रोज जळला पाहिजे, सलग तीन महिने. मग पाया पुरा होईल.

"सोपं हाय," मालन म्हणाली. "आक्का, तू नुसतं पाण्याचं पातेलं चढीव न् गॅस पेटवून बस. भाकरी मी मागल्या दारानं देते."

आता इथं आमच्या माणसांची जात आडवी आली. पेटलेल्या गॅसवर नुसतं पाणी उकळत ठेवायचं? गौराक्काच्यानं ते होईना. दोन दिवस तिनं ठेवलं आणि तिसऱ्या दिवशी त्या पाण्यात डाळ पडली. मग डाळ केलीच आहे तर भात. आणि एकटी बाई पातेलंभर आमटी काय करणार? वाटी भरून आमच्याकडं, वाटी भरून बुगडांकडं. गुडघ्याला फडकं बांधून बाई दुपारभर चुलीपुढं उभी, आणि तोंडावर असा आनंद, जसं काही यंत्राला तिनं चांगलंच फसवलंय.

यंत्र कुठलं फसायला! पुढच्या महिन्यात आमचा पाया कापला, बुगडांचा कापला. आमच्या घरी गॅस कमी जळला होता ना! आणि गौराक्काचा? तोही वाढला नाही. वाट्या अजून फिरतायत, घरं अजून जोडलेली आहेत, एवढंच त्याला दिसलं.

बुगडांची सून दारात येऊन म्हणाली, "आक्का, तुमची आमटी लई भारी असते, पण नका देत जाऊ. क्लासची फी राहिली." चांगली पोर आहे ती. बोलताना तिचीच मान खाली होती.

हळूहळू सगळ्या गावात हेच चालू झालं. जेवायच्या वेळेला दारं लागायला लागली. पोरांना बजावलं जाऊ लागलं, दुसऱ्याच्या घरी तोंड उष्टं करून यायचं नाही. कुणाच्या फोडणीचा वास आला तर "काय केलंय आज?" असं विचारायचीही चोरी. अहो, ज्या गल्लीत अंगणात पापड करायला घेतले तर चार जणी लाटायला यायच्या, तिथं बायका मीटरकडं बघून चहाला नाही म्हणायला लागल्या. मला असा संताप यायचा! पण भांडायचं कुणाशी? मीटरशी?

गौराक्काचा घरमालक वाईट माणूस नव्हता, पण त्याचाही पाया कापला होता, भाड्यासाठी थांबणं त्यालाही परवडेना. बसगोंडाचा फोन रोज येऊ लागला. शेवटी मालन एका सकाळी गौराक्काकडं जाऊन बसली. मीही उंबऱ्यावर होतो.

"आक्का, तीन महिनं. खरंखुरं बंद. तू तुझं कर, मी माझं करते. तू काय धाडू नको, मी काय धाडत न्हाई. मागल्या दारानं पण न्हाई. तुझी खोली ऱ्हायला पाहिजे का नको?"

"पाहिजे की," गौराक्का म्हणाली.

"मग ऐक माझं."

"ऐकते गं. तीन महिनं म्हणजे काय, असं जातील."

पहिला महिना नीट गेला. भिंतीपलीकडनं भाकरी थापल्याचा आवाज यायचा, तोही एकाच भाकरीचा. मालन इकडं ताट वाढायची, घास हातात धरून थांबायची, आणि मी काही बोललो की माझ्यावरच खेकसायची.

दुसऱ्या महिन्यात ऐश्वर्याचा वाढदिवस आला. पोरगी पुण्याला, पण गौराक्कानं तिच्या वाढदिवसाला गव्हाची खीर केली नाही, असं एकही वर्ष गेलं नव्हतं. दुपारी दार वाजलं. बाहेर गौराक्का, हातात वाटी. गूळ घातलेली, वर खोबरं. "एवढीच हाय," ती म्हणाली. "एवढ्यानं काय मीटर हलतंय व्हय?" आणि माझ्या हातात देऊन गेलीसुद्धा.

मालननं खीर बघितली आणि तिचे डोळे भरले. मग एकदम ती चिडली. "ही बाई ऐकायची न्हाई. आज खीर, उद्या आमटी. परत सगळं पहिल्यापास्नं. खोली जाईल तिची, कळतंय का तुम्हाला?" खीर तिनं आपल्या पातेल्यात ओतली. वाटी घासली, फडक्यानं कोरडी केली आणि माझ्यापुढं धरली.

"देऊन या."

मी वाटीत बघितलं. "मालन, साखर तरी घाल की."

"साखर घातली की चालूच ऱ्हातंय ते. न्या तशीच."

"सुतक हाय का आपल्यात?"

"न्या म्हणते ना!"

मी नेली. गौराक्का चुलीपाशी बसली होती. तिनं वाटी घेतली, सवयीनं आत बोट घातलं, आत काय आलंय बघायला. बोट नुसतंच फिरलं. मग तिनं माझ्याकडं वर बघितलं. तिला सगळं माहीत होतं हो. का, कशासाठी, कुणाच्या भल्यासाठी, सगळं. तरी तिचा चेहरा तोंडात मारल्यासारखा झाला.

"बरं, जॉबर," एवढंच म्हणाली आणि वाटी फळीवर पालथी घातली.

घरी आलो तर मालन ओट्याला टेकून रडत होती. ती खीर आम्ही खाल्ली. वाया कशी घालवायची? 

त्यानंतर वाटी आली नाही. तीन महिने भरले आणि गौराक्काच्या खात्यात पाया आला, पुरा, एक रुपयाही कमी नाही. मालन मेसेज वाचून नाचायचीच बाकी होती. "जिंकलो की ओ! चला, आक्काला सांगू."

गौराक्का कपडे बांधत होती.

"आक्का, अगं पाया पुरा आला!"

"बघितलं मी. भाडं पण देऊन टाकलं ह्या महिन्याचं." ती गाठोड्याची गाठ मारत म्हणाली. "बसू येतोय सांजच्याला."

"मग जातीस कुठं? खोली ऱ्हाईली की तुझी!"

"खोली ऱ्हाईली गं. पण खोलीत बसून करू काय? एक भाकरी करायची, भिंतीकडं बघत खायची. तिकडं निदान पोरं भांडत्यात, ताट वढून घेत्यात." मग तिनं मालनच्या गालावरनं हात फिरवला. "तुझा राग न्हाई मला. तुझं बरोबर हुतं. पण मालन, ती वाटी बघितली न् मला वाटलं, आपल्यात कोणतरी गेलं."

 निघताना गौराक्कानं वाटी तिच्या हातात दिली. "तिकडं भांडी लई हायत. असू दे तुझ्यापाशी."

त्या उन्हाळ्यात ऐश्वर्या आली ती सुकून आली. मीटरचे नवे आकडे आत गेल्यावर संगणकातल्या इचलकरंजीत काय झालं, ते तिनं सांगितलं. वजावट चुकवायला घरं एकमेकांपासनं तुटली. तुटल्यावर प्रत्येकाची गरज वाढली. सगळ्यांना पुरा पाया देणं आलं आणि तो पाचवा रुपया पुन्हा कमी पडायला लागला. वर जी कामं शेजारी फुकट करायचे, पोरं सांभाळणं, म्हाताऱ्यांना दवाखान्यात नेणं, त्यासाठी आता पैसे मोजून माणूस लागत होता. पाचवा कसला, सहावा रुपयाही कमी पडत होता.

"मी भांडले बाबा. शेजार-वजावट काढून टाकायला लावली. आता वाट्या फिरवल्या तरी कुणाचे पैसे कापणार नाहीत." ती मालनच्या कुशीत शिरली, लहान असताना शिरायची तशी. "पण संगणकात वजावट पुसून बघितली तर घरं पुन्हा जोडली जात नाहीत. कितीदा पहिल्यापासून चालवलं. नाहीच जोडली जात. आई, मी त्या वाट्या मोजायलाच नको होत्या."

मालन तिच्या केसांवरनं हात फिरवत म्हणाली, "न मोजता पाया आला असता का गं?"

"नाही."

"मग?"

 पाया अगदी बंद नाही झाला. सरकारनं स्वस्तातला मार्ग काढला. रक्कम निम्मी, आणि दर माणशी नाही तर दर घराला, घरातल्या कर्त्याच्या खात्यात.

वजावट गेल्याचं कळलं तशी मालननं गहू भिजत घातले. दुसऱ्या दिवशी खीर केली, गौराक्काच्याच वाटीत भरली, वर झाकण ठेवून फडक्यात बांधली आणि आम्ही एसटीनं गडहिंग्लजला निघालो. वाटभर ती वाटी मांडीवर धरून बसली होती. एकदा ब्रेक लागला तेव्हा पुढच्या बाईच्या पाठीवर आपटली, पण वाटी सांडू दिली नाही.

बसगोंडाचं घर मोठं आहे. गौराक्का पडवीत धाकट्या पोरीची वेणी घालत होती. आम्हाला बघून तिनं वेणी अर्धीच सोडली. मालननं वाटी पुढं केली तशी दोघी हसायला लागल्या, मग रडायला लागल्या, आणि पोरं आमच्याकडं बघत उभी राहिली. गौराक्कानं खीर खाल्ली. निम्मी पोरांना चाटवली. गूळ कमी पडलाय म्हणाली. मालन म्हणाली, पुढच्या वेळी जास्त घालते. माझ्या जिवाला जरा बरं वाटलं.

निघायची वेळ झाली. गौराक्का वाटी घेऊन मोरीवर गेली, घासली, आणि तशीच आत स्वयंपाकघराकडं वळली. आतनं बसगोंडाच्या बायकोचा आवाज आला, दुकानातनं जेवायला घरी आली होती ती.

"काय पाहिजे, आत्याबाई?"

"काय न्हाई. जरा साखर..."

"डबा वर ठेवलाय. ह्यांना विचारून देते हं. महिना भागवायचाय."

वाईट बोलली नाही ती. सरळ आवाजात बोलली. पाया बसगोंडाच्या खात्यात येत होता, डबा वरच्या फळीवर होता, आणि बसगोंडा दुकानात होता.

गौराक्का थोडा वेळ आतच उभी राहिली. मग बाहेर आली. वाटीतनं अजून पाणी निथळत होतं. तिनं ती पदरानं पुसली, परत पुसली, आणि मालनच्या हातात दिली.

"आज अशीच ने गं," ती म्हणाली. "हितं माझ्या हातात काय न्हाई."

मालननं वाटी घेतली. "असू दे आक्का," म्हणाली, आणि सवयीनं आत बोट घातलं.

परतीच्या एसटीत मी म्हणालो, "पिशवीत ठेव की ती वाटी." तिनं मान हलवली. इचलकरंजी येईपर्यंत ती वाटी दोन्ही हातांत धरून बसली होती, जाताना भरलेली असताना धरली होती तशीच.